कीव्ह कॅमेरे, मीर भिंगं आणि ०.२ मिलिमीटरचा प्रश्न

आज आपण १२० नंबरच्या रोलवर चालणाऱ्या सोव्हिएत कॅमेऱ्यांबद्दल आणि विशेष करून त्यांच्या वाइड-अँगल भिंगांबद्दल बोलणार आहोत. विषय आडवळणाचा आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण फिल्मकडे परत वळलेली तरुण मंडळी आम्हाला हमखास एक प्रश्न विचारतात: "हासेलब्लाड परवडत नाही, कीव्ह घेऊ का?" त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "त्याच्या ४५च्या लेन्सला कुणी अप्रतिम म्हणतं, कुणी भंगार म्हणतं. खरं काय?" आमचं म्हणणं असं की दोघंही खरंच बोलताहेत. कसं, ते आज बघू.

आधी थोडी ओळख. १२०च्या रोलवर चौरस फोटो काढला तर निगेटिव्ह साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटरची मिळते, एका रोलमध्ये १२. नेहमीच्या ३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६. म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. या मोठ्या निगेटिव्हसाठीच लोक एवढं वजन खांद्यावर वागवतात.

सोव्हिएत संघात असे कॅमेरे बरेच झाले. लेनिनग्राडचा ल्युबितेल हा दोन डोळ्यांचा, हलका आणि स्वस्त. क्रास्नोगोर्स्कचे मोस्क्वा आणि इस्क्रा घडीचे, भाता असलेले. पण या सगळ्यांचं भिंग कायमचं बसवलेलं, त्यामुळे वाइड लावायचा प्रश्नच नव्हता. भिंग बदलता येणारे कॅमेरे काढले ते कीव्हच्या अर्सेनाल कारखान्याने. आपल्याकडे त्यांना सरसकट 'रशियन कॅमेरे' म्हणतात, ते चूक आहे. कीव्ह ही युक्रेनची राजधानी, आणि कॅमेऱ्यावर तिचंच नाव कोरलेलं असतं.

अर्सेनालची दोन घराणी. पहिलं सल्यूतचं, जे पुढे कीव्ह-८८ झालं. सल्यूत १९५७ साली आला आणि तो १९४८च्या हासेलब्लाड १६००एफच्या वळणावर बेतलेला होता, हे उघड आहे. गंमत बघा, त्याच १९५७ साली हासेलब्लाडने ५००सी काढला आणि बॉडीतलं नाजूक धातूचं शटर सोडून भिंगातलं शटर घेतलं. ज्या शटरपासून मूळ मालक सुटका करून घेत होता, ते कीव्हने पुढची कित्येक दशकं सांभाळलं. म्हणून ८८वाल्यांना पहिला धडा हाच: आधी फिल्म पुढे घ्या, शटर ताणलं जाऊ द्या, मगच वेगाची चकती फिरवा.

दुसरं घराणं कीव्ह-६एस आणि १९८४चा कीव्ह-६०. हा दिसायला एखादा ३५ मिमीचा एसएलआर फुगवल्यासारखा, मीटरच्या प्रिझमसकट दोन किलोच्या आसपास. याचं भिंग पूर्व जर्मनीच्या पेंटाकॉन सिक्सच्या मापाने बसतं, त्यामुळे येनाच्या कारखान्याची झाइस भिंगंही याला चालतात. फिल्म नीट ताणून भरली नाही तर याच्या चौकटी एकमेकींवर चढतात, हे जगजाहीर आहे. पण आज आपला विषय बॉडी नाही.

आता भिंगाकडे येऊ. या कॅमेऱ्यांचं नॉर्मल भिंग ८० मिमीचं. समजा, आपण एखाद्या खोलीत भिंतीपासून तीन मीटरवर उभे आहोत. ८०ने त्या भिंतीची साधारण २.१ मीटर रुंदी चौकटीत येते. ६५ने अडीच मीटरच्या थोडी वर. ४५ने मात्र ३.७ मीटर. मागे सरकायला जागा नसते तेव्हा हा फरक म्हणजे फोटो निघणं आणि न निघणं यातला फरक. अर्सेनालकडे या तिन्हींच्या पलीकडे ३० मिमीचं झोडियाक-८ हे फिशआयही होतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश. ते एकदोन रोल मजा देतं. रोजच्या कामाचं खरं भिंग म्हणजे ४५ मिमी, एफ/३.५चं मीर-२६. ६५ मिमीसाठी आधी मीर-३ होतं, मग मीर-३८ आलं.

'मीर' म्हणजे जग आणि शांतताही, रशियनमध्ये दोन्हीला एकच शब्द. आपल्यापैकी ज्यांनी मीर प्रकाशनाची स्वस्त विज्ञानपुस्तकं वाचली आहेत, त्यांना तो ओळखीचा वाटेल. सोव्हिएत भिंगांच्या नावांमध्ये एक शिस्त आहे. इंदुस्तार म्हणजे टेसार पद्धतीची चार काचांची रचना, आणि मीर म्हणजे एसएलआरसाठीचं वाइड. या कुळातलं ३५ मिमी फिल्मसाठीचं मीर-१ हे १९५८च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात ग्रां प्री घेऊन आलं, आणि पुढे ते बक्षीस भिंगाच्या कड्यावरच कोरू लागले!

आता मुख्य अडचण. एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो. ५६ मिमीची चौकट दाखवणारा आरसा मोठा असणार, आणि तो वर उचलला जाताना त्याला मोकळी जागा लागणार. म्हणून कीव्ह-६०मध्ये भिंग बसायच्या कड्यापासून फिल्मपर्यंत ७४ मिमी अंतर आहे. कीव्ह-८८मध्ये तर ८२ मिमी. शाळेत आपण शिकलो की साधं बहिर्वक्र भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा नाभीय अंतरावर पाडतं. म्हणजे ४५ मिमीचं साधं भिंग फिल्मपासून ४५ मिमीवर हवं. पण तिथे तर आरसा फिरतोय.

उपाय असा की पुढे अंतर्वक्र गट ठेवायचा, तो किरण आधी फाकवतो, आणि मागे बहिर्वक्र गट ठेवायचा, तो त्यांना गोळा करतो. दुर्बीण उलटी धरून बघितली तर सगळं लहान आणि जास्त रुंद दिसतं ना, साधारण तसंच. नाभीय अंतर ४५च राहतं, पण मागची मोकळी जागा कितीतरी वाढते. याला रेट्रोफोकस म्हणतात. हे नाव १९५०च्या सुमारास फ्रान्सच्या आंजेन्यूने रूढ केलं आणि येनामध्ये त्याच काळात फ्लेक्टोगोन आलं. मीर-२६ची पुढची काच एवढी टपोरी का, त्याला ८२ मिमीचा फिल्टर का लागतो, याचं उत्तर त्या पुढच्या गटात आहे.

आरसा नसेल तर हा द्राविडी प्राणायाम लागत नाही. लेनिनग्राडच्या मिखाईल रुसिनोव्ह यांनी हवाई नकाशांसाठी जी अतिवाइड भिंगं आखली, ती जवळजवळ सममित होती, मागची काच फिल्मच्या अगदी जवळ. त्यांचं २० मिमीचं रुसार फेड, झोर्कीसारख्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांना लागायचं. वाइड भिंगांचा विचार त्या देशात किती खोलवर झाला होता, हे यावरून कळतं. म्हणून 'सोव्हिएत म्हणजे नक्कल' हा शेरा बॉडीपुरता बऱ्याच अंशी खरा असला, तरी वाइड भिंगांना तो सरसकट लावू नये असं आम्हाला वाटतं.

मग भंगार म्हणणारे कुठून आले? इथे तो ०.२ मिलिमीटर येतो.

समजा, जोडणी करताना भिंग फिल्मपासून फक्त ०.२ मिमी जास्त दूर बसलं. दोन-तीन कागदांची जाडी. कड्यावर 'अनंत' लावलं, तर प्रत्यक्षात फोकस कुठे जाईल? हिशेब सोपा आहे: नाभीय अंतराचा वर्ग भागिले चूक. २५० मिमीच्या टेलिला तो येतो ३१२ मीटर. दूरच्या डोंगरासाठी हे चालून जाईल. पण ४५ मिमीला? २०२५ भागिले ०.२, म्हणजे १० मीटर! कड्यावर लिहिलंय अनंत आणि भिंग बघतंय रस्त्याच्या पलीकडच्या झाडाकडे. कडं त्यापुढे फिरत नाही, त्यामुळे अनंत गाठताच येत नाही.

फिल्मवरचा धूसरपणा मात्र दोन्ही भिंगांना सारखाच असतो, तो फक्त छिद्रावर अवलंबून. एफ/३.५ला त्या ०.२ मिमीमुळे बिंदूचा जवळजवळ ०.०६ मिमीचा ठिपका होतो आणि मोठ्या प्रिंटमध्ये तो दिसतो. एफ/११ला तो ०.०२च्या आत येतो आणि चूक झाकली जाते. म्हणूनच "एफ/११ला उत्तम, उघडं ठेवलं की मऊ" असं कुणी सांगितलं, की आम्ही आधी काचेला नाही, जोडणीला दोष देतो. आणि वाइडने काम करताना आपण बहुधा कड्यावरच्या आकड्यांवरच विसंबतो. एफ/११ला ४५ मिमी ३.७ मीटरवर लावलं की पावणेदोन-दोन मीटरपासून अनंतापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट, हा त्याचा मोठा फायदा. आकडेच खोटे असतील तर तो फायदा गेला. आखणी उत्तम असूनही एकाच नावाच्या दोन नगांमध्ये एवढं अंतर पडतं ते असं.

एक चिठ्ठी आली आहे: "आरसा एवढा दणका देतो, मग फोटो हलत नाही का?" हलतो. कीव्ह-६०ला आरसा आधी उचलून ठेवायची सोय नाही. पण तेवढ्याच हिसक्याने ८०च्या तुलनेत ४५वर प्रतिमा जवळपास निम्मीच सरकते. तरीही १/१२५च्या खाली तिकाटणं घ्याच.

घेणाऱ्यांसाठी आता एक सापळा. मीर-२६च्या नावापुढे एक अक्षर असतं. रशियन लिपीतलं 'ब' असेल तर ते कीव्ह-८८चं, 'व' असेल तर कीव्ह-६०चं. पण रशियन 'व' दिसायला हुबेहूब इंग्रजी बीसारखा! विकणारा वाचतो 'बी', आणि इंग्रजीत लिहिताना दोन्ही भिंगं 'बी'च होतात. म्हणून नावावर जाऊ नका, मागच्या कड्याचा फोटो मागवा. नंबरचे पहिले दोन आकडे बहुधा बनवल्याचं साल सांगतात.

आणि हातात आल्यावर, रोल भरण्याआधी एक गोष्ट करा. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडा, शटर बी वर उघडं धरा आणि फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर दुधी चिकटपट्टी लावलेली काच सपाट ठेवा, चिकटपट्टी भिंगाच्या बाजूला. ८८ असेल तर मॅगझिन काढून हे जमत नाही, कारण फिल्म मॅगझिनमध्ये टेकते. तिथे एक रोल खर्चावाच लागतो. भिंग एफ/३.५ला, कडं अनंतावर, आणि समोर किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर. भिंगाने बघा. टॉवरच्या सळ्या मोजता आल्या तर भिंग ठेवून घ्या. नाही आल्या, तर कडं थोडं जवळच्या अंतराकडे फिरवा. तिथे टॉवर स्पष्ट झाला तर नुसते आकडे सरकलेले आहेत, ते कारागीर तासाभरात नीट करतो. आणखीच धूसर झाला तर भिंग दूर बसलंय, खालची पातळ चकती कमी करावी लागेल. मध्यभाग स्पष्ट पण एकच बाजू धूसर असेल, तर मात्र आतली काच तिरकी बसलेली आहे. ते भिंग परत करा.