बंबाची ऊब पाण्यात की धुराड्यात?



गाळप हंगामात कारखान्याच्या बॉयलरमध्ये आपल्याच उसाचे चिपाड जळते. त्या बॉयलरच्या नळ्यांवर बसणारी राख व काजळी वेळोवेळी झाडली जाते आणि हंगाम संपला की नळ्यांची कसून सफाई होते. हा खटाटोप कशासाठी? जळणाची उष्णता धुराड्यातून आभाळात न जाता पाण्यात उतरावी म्हणून. आपल्या न्हाणीघराशेजारचा तांब्याचा बंब हा त्याच बॉयलरचा धाकटा भाऊ. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी. पण त्या नळकांड्यात वर्षानुवर्षे कोणी डोकावत नाही, आणि धूर मात्र रोज घरची माउली खाते.

आधी हिशोब

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. बंबातले ४० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे, तर १,६०० किलोकॅलरी पुरे. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात ढोबळमानाने ३,५०० किलोकॅलरी असतात. म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी जळणात काम व्हायला हवे. आता आपल्या घरी किती लागते ते एकदा ताजव्यात घालून पाहा. दीड किलो लागत असेल, तर तीन ढलप्यांपैकी दोन वाया गेल्या असे समजा.

उष्णता अडते कुठे?

पहिला अडथळा काजळीचा. तांबे उष्णता झटकन पुढे देते, पण त्यावर काजळीचा थर बसला की जणू घोंगडी पांघरली. काजळी धरते ती ओल्या जळणाने आणि हवा कमी पडल्याने. जळणातले पाणी आधी वाफ होऊन जाते आणि आपली उष्णता सोबत घेऊन जाते. म्हणून पऱ्हाट्या, तुरकाट्या, मक्याची रिकामी कणसे पावसाआधीच आडोशाला रचून ठेवा. आठवड्यातून एकदा, बंब थंड असताना, काठीला तारेचा ब्रश बांधून नळकांडे आतून घासा. खालची जाळी मोकळी ठेवा आणि राख रोज काढा.

दुसरा अडथळा क्षाराचा. विहिरीचे, बोअरचे पाणी जड असेल तर पाण्याच्या बाजूला पांढरा थर धरतो. तांब्याच्या मानाने त्यातून उष्णता शंभर पटीहून सावकाश जाते. जळणाचे नुकसान काजळीइतके होत नाही. पण थर जाड झाला की आतले तांबे फाजील तापते आणि सांधे सुटतात. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून काही वेळ ठेवावे, मग दोन-तीनदा स्वच्छ धुवावे. संडास धुण्याचे ॲसिड मुळीच नको. हातोडीने ठोकणेही नको.

तिसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. नळकांड्यातून तापलेला वायू वर जातो, तेव्हा कडेला चिकटलेला पातळ थर तेवढा तांब्याला उष्णता देतो. मधला लोंढा पाण्याची गाठ न घेताच निघून जातो! त्याला वळवायचे तर लोखंडी पत्र्याची पट्टी पिळून, कडी लावून, नळकांड्याच्या वरच्या भागात टांगावी. वायू गोल फिरत कडेला घासत जातो आणि जास्त उष्णता देतो. पट्टी नळकांड्याहून अरुंद असावी. जाळ नीट धरल्यावरच ती घालावी आणि जळण टाकताना चिमट्याने उचलावी. धूर उलटा येऊ लागला तर पट्टी काढून पीळ कमी करा. ओढ मारून उष्णता मिळवणे हा तोट्याचा सौदा आहे.

भुशाच्या गोळ्या

भुसा, चिपाड दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, आता मिळतात. त्या कोरड्या व एकसारख्या असल्याने उष्णता चांगली देतात. पण बंबाच्या जाळीतून त्या खाली गळतात आणि एकदम ओतल्या तर हवा कोंडतात. बारीक भोकांची पत्र्याची टोपली करून थोड्या थोड्या टाकाव्यात. पाचटाच्या गोळ्यांची राख वितळून तिचे खडे होतात, ते रोज काढावेत. शेतातले पाचट मात्र बंबात घालू नका. ते सरीतच कुजवा, जमिनीला त्याची जास्त गरज आहे.

जिवाची गोष्ट

उष्णता वाचवण्याच्या नादात बंबाचे तोंड कधीही झाकू नका. हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात अंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. म्हणून पेटता बंब उघड्यावर किंवा पडवीतच ठेवावा. पाणी नसताना तो पेटवू नये.

या आठवड्यात जळण एकदा मोजा. नळकांडे घासून, वाळले जळण घालून पुन्हा मोजा. जे वाचेल ते आपल्याच अंगणात राहील, आणि घरातल्या बायाबापड्यांच्या डोळ्यांचे पाणीही तितकेच कमी होईल.