आईची गीता, समाजाचे समणसुत्तं

१९३२ साली नंदुरबार पश्चिम खानदेशात होते आणि जिल्ह्याचे ठाणे धुळे. तेथील तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्याआधीच, आईला संस्कृत गीता उमगत नसे म्हणून, विनोबांनी ‘गीताई’ रचली होती.

पुढे कुराण, बायबल, धम्मपद, जपुजी यांचेही त्यांनी तितक्याच श्रद्धेने मनन केले. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवात, १९७४ साली, त्यांच्याच प्रेरणेने ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. या ७५६ प्राकृत गाथांना जैनांच्या सर्व प्रमुख संप्रदायांनी मान्यता दिली. अनेक धर्मांचे काव्य आपले मानणाऱ्या साधकाच्या आग्रहातून जैनांना असा सर्वमान्य ग्रंथ लाभला. परक्या वाणीचा आदर केल्याने स्वतःची श्रद्धा उणावत नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता?

व्यापारी कुटुंबांतील मुलांना स्तोत्रे मुखोद्गत असतात. अर्थ मात्र पुष्कळदा अबोलच राहतो. सायंकाळी दुकान वाढवल्यावर एक गाथा, तिचा मराठी अर्थ आणि त्या दिवसाच्या देण्याघेण्याशी तिचा ताळा, एवढा स्वाध्याय घरोघरी सहज घडू शकतो. ज्या आईसाठी गीताई झाली, तशी अर्थासाठी आसुसलेली माणसे प्रत्येक घरात आहेत.