पैसे आठपट मिळाले, मग गेम अडीच वर्षं उशिरा का आला?



एखाद्याने मागितले त्याच्या आठपट पैसे त्याला मिळाले, तर काम वेळेआधी व्हायला हवं की नाही? साधं व्यवहारज्ञान 'हो' म्हणतं, पण क्राउडफंडिंगवर बनलेल्या गेम्सचा इतिहास बऱ्याचदा उलटंच सांगतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा विषय चांगला आहे, कारण यात माहिती उघड आहे, आकडे आहेत आणि चुकीचा निष्कर्ष काढायला भरपूर जागाही आहे.

आधी प्रकरण समजून घेऊ

फेब्रुवारी २०१२. अमेरिकेतल्या डबल फाइन या स्टुडिओने किकस्टार्टरवर एका अ‍ॅडव्हेंचर गेमसाठी लोकांकडे ४ लाख डॉलर मागितले. स्टुडिओचे प्रमुख टिम शेफर गेमिंगच्या जगात नावाजलेले. मार्चमध्ये कॅम्पेन संपलं तेव्हा ८७,१४२ लोकांनी मिळून ३३ लाख ३६ हजार डॉलर दिले होते. गेम देण्याची अंदाजे तारीख होती ऑक्टोबर २०१२.

प्रत्यक्षात काय झालं? जुलै २०१३ मध्ये शेफर यांनी बॅकर्सना कळवलं की ठरलेल्या आराखड्याप्रमाणे गेलो तर अर्धा गेमच जुलै २०१४ पर्यंत होईल, आणि तेवढे पैसे नाहीत. मग गेमचे दोन भाग केले. 'ब्रोकन एज'चा पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये विक्रीला आला आणि त्या विक्रीच्या पैशावर दुसरा भाग एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे मूळ तारखेपेक्षा अडीच वर्षं उशीर.

लक्षात घ्या, इथे कुणी पैसे घेऊन पळालं नाही. उलट, गेम कसा बनतोय यावर एक माहितीपटच तयार होत होता आणि बॅकर्सना तो भागाभागाने बघायला मिळत होता. तरी पैसे कमी पडलेच.

३३ लाख डॉलर जातात कुठे?

एक कच्चा हिशोब करू. किकस्टार्टर ५ टक्के घेतं, पेमेंट प्रक्रियेचे साधारण ३ ते ५ टक्के वेगळे. हातात राहिले सुमारे ३० लाख. अमेरिकन गेम उद्योगात एका माणसाचा एका महिन्याचा खर्च (पगार, विमा, जागा, सॉफ्टवेअर सगळं धरून) १०,००० डॉलर असा ढोबळ अंदाज वापरतात. म्हणजे ३० लाखांत ३०० 'माणूस-महिने' मिळाले. टीम १५ जणांची धरली, तर २० महिने. टीमचा आकडा मी समजण्यासाठी घेतलाय, पण हिशोब बघा: मार्च २०१२ पासून २० महिने म्हणजे २०१३ ची अखेर. आणि यातून माहितीपटाचा खर्च, बॅकर्सना द्यायची पोस्टर्स, टी-शर्ट, त्यांचं टपाल हे अजून वजा केलेलंच नाही.

यातली मेख अशी की गेमचा मुख्य खर्च म्हणजे माणसांचा वेळ. त्यामुळे उशीर आणि पैशाची चणचण या दोन वेगळ्या अडचणी नाहीतच. गेम एक महिना लांबला की १५ जणांचे पगार वाढले. बांधकामात सिमेंट आधी घेऊन ठेवता येतं. इथे तसं आधी घेऊन ठेवण्यासारखं फारसं काही नसतं.

'मग जास्त माणसं लावा की!' असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच देऊन ठेवलंय: उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो. नवीन माणसाला शिकवायला जुन्याचा वेळ जातो आणि आपापसातला समन्वय वाढत जातो.

संशोधन काय म्हणतं?

इथन मॉलिक यांचा २०१४ चा शोधनिबंध या क्षेत्रात जवळजवळ प्रत्येक जण उद्धृत करतो. त्यांनी किकस्टार्टरवरचे सुमारे ४८,५०० प्रकल्प पाहिले. वस्तू देण्याचं वचन असलेल्या प्रकल्पांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक प्रकल्प ठरल्या तारखेनंतर पोहोचले. आणि ज्यांना जास्त पैसे मिळाले त्यांच्यात उशीरही जास्त दिसला. त्यांच्याच २०१५ च्या सर्वेक्षणात, सुमारे ४७ हजार बॅकर्सच्या उत्तरांवरून, वचन दिलेलं अजिबात न देणारे प्रकल्प ९ टक्के निघाले. म्हणजे सरसकट फसवणूक म्हणावी अशी परिस्थिती नाही. उशीर मात्र नेहमीचाच.

इथे एक क्षण थांबा. 'मॉलिक यांनी सिद्ध केलं की पैसे जास्त मिळाले की गेम उशिरा येतो' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होईल. पण उशिराचं हे विश्लेषण डिझाइन आणि तंत्रज्ञान या गटांतल्या प्रकल्पांचं होतं, गेम्सचं नाही. निष्कर्ष गेम्सना लागू होईलही, पण ते तुम्हाला वेगळं दाखवावं लागेल. शोधनिबंध उद्धृत करताना 'नमुना कुठला होता?' हा प्रश्न कधीही सोडू नका.

एक उलटं उदाहरण

त्याच २०१२ मध्ये जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी 'एफटीएल' या अंतराळयानाच्या गेमसाठी फक्त १०,००० डॉलर मागितले. मिळाले २ लाख डॉलरच्या वर. म्हणजे वीसपट! 'जास्त पैसे म्हणजे जास्त उशीर' हा नियम सरळसोट असता, तर हा गेम दशकभर लांबायला हवा होता. पण १ एप्रिलला कॅम्पेन संपलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये गेम बाजारात आला.

फरक कशात होता? पैसे मागितले तेव्हा 'एफटीएल' बऱ्यापैकी तयार होता, खेळून दाखवता येत होता. पैसे हवे होते ते काम तडीस न्यायला. डबल फाइनकडे मात्र त्या दिवशी गेमची कथासुद्धा नव्हती आणि पैसे वाढले तसा गेमचा आवाकाही वाढला.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात: किती पैसे जास्त आले, आणि त्या पैशांबरोबर किती नवी वचनं आली. क्राउडफंडिंगमध्ये ही वचनं 'स्ट्रेच गोल' म्हणून येतात. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीने 'हॉलो नाइट'साठी २०१४ मध्ये ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले, मिळाले ५७ हजारांवर. एका स्ट्रेच गोलमध्ये आणखी एक पात्र घेऊन खेळता येईल असं वचन होतं. ते पात्र वाढत वाढत स्वतंत्र गेम झालं, 'सिल्कसाँग', आणि तो सप्टेंबर २०२५ मध्ये आला. टीमला हे परवडलं, कारण पहिला गेम प्रचंड विकला गेला होता. ज्यांचं तसं होत नाही त्यांचं अवघड. 'योगव्हेंचर्स'ला २०१२ मध्ये साडेपाच लाखांहून जास्त डॉलर मिळाले, अनुभव कमी होता, आणि २०१४ मध्ये तो गेम बंद झाला.

डेटामध्ये कोण दिसत नाही?

'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ मध्ये त्यांचं किकस्टार्टर कॅम्पेन उद्दिष्टापर्यंत पोहोचलं नाही. किकस्टार्टरचा नियम 'सगळं किंवा काहीच नाही' असा, त्यामुळे त्यांना काहीच मिळालं नाही. तरी गेम २०२० मध्ये आला. आता तुम्ही 'यशस्वी कॅम्पेन्स'ची यादी घेऊन उशीर मोजायला बसलात, तर 'राजी' त्यात नसणार. पैशाची सगळ्यात मोठी ओढाताण कदाचित अशाच टीम्सची झाली असेल, आणि नेमक्या त्याच गाळल्या गेल्या.

दुसरी अडचण 'स्टार सिटिझन'सारख्या गेम्सची. २०१२ चं कॅम्पेन, वचन २०१४ चं, पूर्ण आवृत्ती अजून नाही. याचा उशीर किती महिने लिहाल? आकडा अजून ठरलेलाच नाही. असे प्रकल्प वगळून सरासरी काढली, तर ती खोटी कमी येते. याला सेन्सॉर्ड डेटा म्हणतात आणि त्यासाठी सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस वापरतात.

तिसरा प्रश्न तर व्याख्येचाच. 'ब्रोकन एज' कधी 'आला'? जानेवारी २०१४ ला की एप्रिल २०१५ ला? तुम्ही जी तारीख धराल त्यावर उत्तर सव्वा वर्षाने बदलतं.

आणि आपलं काय?

गेमवाल्यांना हसण्याआधी ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांचा १९९४ चा अभ्यास बघा. त्यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं की थीसिस किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा. 'सगळं बिघडलं तर?' असं विचारल्यावर ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे सगळ्यात वाईट अंदाजसुद्धा आशावादीच निघाला. याला प्लॅनिंग फॅलसी म्हणतात.

फेलोशिपचे महिने मोजून मिळतात. आपलाही मुख्य खर्च वेळच असतो, आणि प्रस्ताव लिहिताना समितीला खूश करायला आपणही स्ट्रेच गोल जोडतोच: 'शिवाय तीन जिल्ह्यांत मुलाखती', 'शिवाय तुलनात्मक प्रकरण'. म्हणून वेळापत्रक करताना स्वतःच्या मनाला विचारू नका. तुमच्याच विभागात, तशाच पद्धतीने काम केलेल्या पाच जणांना खरोखर किती महिने लागले ते विचारा. आणि ज्यांनी मध्येच सोडलं, त्यांनाही त्या पाचात धरा.