आइसलँडिक वाक्यातील कर्त्याचा प्रश्न

आइसलँडिक ही भारोपीय कुलाच्या जर्मानिक शाखेतील भाषा होय. नवव्या शतकाच्या अखेरीपासून मुख्यतः नॉर्वेमधून आलेल्या वसाहतकारांनी ती आइसलँड बेटावर नेली. डॅनिश, नॉर्वेजियन व स्वीडिश ह्या तिच्या भगिनीभाषांत नामांची विभक्तिरूपे बहुतांशी लोपली. आइसलँडिकने मात्र तीन लिंगे, दोन वचने आणि चार विभक्ती आजवर राखल्या आहेत. ह्या व्यवस्थेचे स्वरूप एका नित्याच्या वाक्यावरून चांगले ध्यानी येते.

'म्येर लीकार बोउक्यिन' ह्या वाक्याचा अर्थ 'मला पुस्तक आवडते' असा आहे. 'बोउक' म्हणजे पुस्तक. हे नाम स्त्रीलिंगी आहे. अनिश्चितार्थी उपपद ह्या भाषेत नाही. निश्चितार्थी उपपद नामाच्या अंती प्रत्ययासारखे जोडले जाते व तेही विभक्तीनुसार बदलते. त्यामुळे 'ते पुस्तक' ह्या अर्थी प्रथमेत 'बोउक्यिन', द्वितीयेत 'बोउक्यिना', चतुर्थीत 'बोउक्यिन्नी' आणि षष्ठीत 'बोउकारिन्नार' अशी रूपे होतात. प्रस्तुत वाक्यात पुस्तक प्रथमेत आहे. 'म्येर' हे मात्र 'येग' (मी) ह्या सर्वनामाचे चतुर्थीचे रूप आहे.

क्रियापद प्रथमान्त पदाशी जुळते. पुस्तके अनेक असल्यास 'म्येर लीका बाइकुर्नार' असे म्हणतात. 'लीकार'चे 'लीका' होते. मराठीतही 'आवडते'चे 'आवडतात' होते. तेव्हा कर्ता 'पुस्तक'च, असा निष्कर्ष प्रथमदर्शनी निघतो. परंतु तो टिकत नाही.

एक कसोटी शब्दक्रमाची. प्रश्नार्थक वाक्यात क्रियापद आरंभी येते व कर्ता त्याच्या लगेच पाठोपाठ येतो. 'तुला पुस्तक आवडते का?' हे 'लीकार थ्येर बोउक्यिन?' असे विचारले जाते. 'थ्येर' म्हणजे 'तुला'. क्रियापदामागून पुस्तक व त्यानंतर 'थ्येर' असा क्रम तेथे चालत नाही. दुसरी कसोटी आत्मवाचक सर्वनामाची. 'हेन्नी लीकार बोउक्यिन सीन' म्हणजे 'तिला आपले पुस्तक आवडते'. येथील 'सीन' हे 'हेन्नी' (तिला) ह्या चतुर्थ्यन्त पदाकडे निर्देश करते, जसे मराठीतील 'आपले' हे 'तिला'कडे करते. कर्त्याची ही लक्षणे चतुर्थ्यन्त पदाच्या ठायी आढळतात, प्रथमान्त पदाच्या ठायी नव्हे. अॅव्हरी अँड्र्यूज ह्यांनी 1976 मध्ये ह्या दिशेने विवेचन केले; पुढे 1985 मध्ये झानेन, मेलिंग व थ्राइन्सन ह्यांच्या संयुक्त निबंधाने विभक्ती व कर्तृत्व ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हे मत दृढ केले.

विभक्ती क्रियापदागणिक ठरते, ही अडचण अभ्यासकास पुढेही भेडसावते. 'लांगार' (इच्छा होणे) ह्या क्रियापदाला परंपरेने द्वितीयान्त 'मिग' लागते. तथापि पुष्कळ भाषक तेथे 'म्येर' योजतात. शालेय व्याकरण ह्या प्रयोगास दूषण मानते. त्याला मिळालेल्या नावाचा अर्थच 'चतुर्थीचा रोग' असा आहे. तटस्थपणे पाहता हा रोग नसून नियमितीकरण आहे. आवडणे, थंडी वाजणे, वाटणे अशा अनुभवाच्या क्रियापदांशी चतुर्थीच अधिक रूढ असल्याने भाषक अपवादास त्या साच्यात बसवितात. व्याकरणाने भाषेस शासन करावे की तिचे वर्णन, हा प्रश्न येथे एका सर्वनामाच्या रूपावर येऊन ठेपतो.

मराठीशी दिसणाऱ्या ह्या साम्यावरून निकटच्या नात्याचे अनुमान काढणे मात्र योग्य नव्हे. 'मला' व 'म्येर' ह्यांतील 'म' भारोपीय वारसा आहे. पण मराठीतील अशी वाक्यरचना द्राविडी भाषांसह भारतातील अनेक भाषांत आढळते. मराठी अभ्यासकास ह्या साम्याचा लाभ निराळा आहे. प्रथमा म्हणजेच कर्ता हे समीकरण 'मला आवडते' ह्या आपल्या वाक्यालाही पुरे पडत नाही, हे आइसलँडिकच्या परिचयाने त्याच्या प्रत्ययास येते.