गिळलेला टेहळ्या

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर सातारा-सांगलीच्या गाडीची प्रतीक्षा करीत बसलेल्या बायाबापड्यांचे फिकट चेहरे पाहिले, म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, याचे नवल वाटत नाही. बहुधा दोष आहाराचा वा मासिक स्रावाचा असतो. परंतु लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, आणि दुर्बिणीने जठर व मोठे आतडे निर्दोष ठरते, तेव्हा संशयाचा रोख मधल्या सुमारे २० फूट लांबीच्या लहान आतड्याकडे वळतो.

त्या दुर्गम मुलखाच्या पाहणीसाठी गॅव्रिएल इडान या इस्रायली अभियंत्याने कॅप्सूलमध्ये कॅमेरा बसविण्याची कल्पना काढली व २००१ साली अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. सुमारे २६ मिलिमीटर लांबीची, स्वतःचा दिवा बाळगणारी ही गोळी उपाशीपोटी गिळली, की आतड्याच्याच आकुंचनाने पुढे सरकत, आठेक तासांत हजारो छायाचित्रे कमरेच्या पट्ट्यावरील यंत्राकडे रवाना करते आणि अखेर शौचावाटे बाहेर पडते. फुगलेली रक्तवाहिनी, व्रण, प्रसंगी रक्त शोषणारा अंकुशकृमीही तीत पकडला जातो.

मात्र ती निव्वळ बातमीदार. तपासणीसाठी तुकडा काढणे वा रक्त थांबविणे तिच्या अखत्यारीत नाही. शिवाय आपल्याकडे क्षयरोगाने आतडे अरुंद झालेले रुग्ण आढळतात, म्हणून अडकण्याचे भय असल्यास प्रथम विरघळणारी नकली गोळी देऊन वाट मोकळी असल्याची खातरजमा करून घेतात.