नऊ वर्षे उघडी राहिलेली फट

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये फिल ऑस्टर या संगणकतज्ज्ञाला आपल्या सर्व्हरवर एक हल्ला झालेला आढळला. सर्व्हरवर येणाऱ्या वाहतुकीची तो नोंद ठेवत असे. त्या नोंदींतच हल्लेखोराचा प्रोग्रॅम सापडला. साध्या वापरकर्त्याचे अधिकार असलेला कुणीही त्याच्या जोरावर काही क्षणांत 'रूट', म्हणजे त्या यंत्राचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता.

दोष लिनक्सच्या कर्नलमध्ये होता. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कुणाला किती मेमरी द्यायची, कोणती फाइल कुणी नुसती वाचायची आणि कुणी बदलायची, हे तोच ठरवतो. त्याचाच निर्णय चुकला, तर वरचे पासवर्ड आणि परवानग्या यांना अर्थ उरत नाही.

मेमरी वाचवण्यासाठी कर्नल 'कॉपी-ऑन-राइट' ही युक्ती वापरतो. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (COW, म्हणजे 'काऊ') या दोषाला 'डर्टी काऊ' हे नाव पडले. तलाठी कार्यालयातील नोंदवही समजा. वाचायला सगळ्यांना मूळ वही मिळते. कुणाला त्यावर काही लिहायचे असेल, तर त्या पानाची झेरॉक्स काढून दिली जाते. मूळ पान जसेच्या तसे राहते.

हल्लेखोर एकाच वेळी दोन धागे, म्हणजे प्रोग्रॅमची समांतर चालणारी दोन कामे, सुरू करतो. एक धागा फक्त वाचण्याची मुभा असलेल्या मेमरीच्या पानावर पुन्हा पुन्हा लिहू पाहतो. दुसरा 'माझी प्रत टाकून द्या' असे कर्नलला सतत सांगत राहतो. कर्नल प्रत तयार करतो आणि 'आता लिहायला हरकत नाही' असे मानून पुढे जातो. नेमक्या त्याच क्षणी प्रत नाहीशी झाली, तर त्याच्या हाती मूळ पान येते आणि मजकूर तिथेच उमटतो. हजारो प्रयत्नांत एकदा वेळ जुळली तरी पुरते. मग पासवर्डांची फाइलही बदलता येते.

हा दोष २००७ च्या २.६.२२ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये होता. मुळातली अडचण त्याहून जुनी. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २०१६ ची दुरुस्ती करताना लिहून ठेवले, की अकरा वर्षांपूर्वी आपण हीच फट बुजवण्याचा प्रयत्न केला होता. पण आयबीएमच्या एस३९० यंत्रांवर अडचणी आल्याने तो बदल मागे घ्यावा लागला. तेव्हा हा धोका कागदावरचा वाटत होता. पुढे कर्नलची मेमरी-व्यवस्था एकाच वेळी अधिक कामे पेलू लागली आणि तो योग जुळवून आणणे सोपे झाले.

या प्रकरणाचा खरा धडा इथेच आहे. 'असे सहसा घडत नाही' हे सुरक्षेचे उत्तर असू शकत नाही, कारण दुर्मीळ योगायोग घडवून आणणे हेच हल्लेखोराचे काम असते. लिनक्सचा कोड सर्वांना खुला होता, तरी ही फट नऊ वर्षे टिकली. कोड खुला असणे मोलाचे आहेच, पण तो चिकाटीने तपासणारी आणि सांभाळणारी माणसेही लागतात. २०१६ च्या दुरुस्तीतही मेमरीच्या मोठ्या आकाराच्या पानांबाबत उणीव राहिली होती. ती २०१७ मध्ये उघड झाली.

अँड्रॉइडचा पायाही लिनक्स कर्नलच आहे. २०१७ मध्ये या दोषाचा फायदा घेणारे 'झेडएनआययू' हे घातक सॉफ्टवेअर ट्रेंड मायक्रो कंपनीला आढळले. त्याचे बहुसंख्य बळी चीन आणि भारतातले होते. दुरुस्ती तोवर उपलब्ध होती, पण प्रत्येक फोनपर्यंत पोहोचली नव्हती. म्हणून अपडेटची सूचना आली, की ती पुढे ढकलू नका. आणि फोन घेताना कॅमेऱ्याइतक्याच आवर्जून विचारा: सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार?