निक्को : देवाच्या डोंगरावर साहेबांचा बंगला

45 लाख मनुष्यदिवस! जपानचे लष्करी राज्यकर्ते, म्हणजे शोगुन, तोकुगावा इएमित्सु यांनी निक्कोच्या डोंगरात आपले आजोबा इएयासु यांचं तोशोगू हे देवस्थान 1634 ते 1636 मध्ये नव्यानं बांधून घेतलं, तेव्हाच्या हिशेबातला हा आकडा. काम उरकलं जेमतेम सतरा महिन्यांत. भागाकार करून बघा : रोज सरासरी साडेआठ हजारांवर माणसं राबत होती. खर्च 5 लाख 68 हजार ऱ्यो, म्हणजे तितकी सोन्याची नाणी. सोन्याचा वर्ख लागला सुमारे 25 लाख पानं. जमिनीवर अंथरला तर सहा एकर झाकले जातील.

एकट्या योमेइमोन दरवाजावर 508 कोरीव आकृत्या आहेत. त्याच्या बारा खांबांपैकी एकावरची नक्षी मुद्दाम उलटी कोरली आहे. काम परिपूर्ण झालं की उतरण सुरू होते, म्हणून ही दृष्ट काढून ठेवलेली! इतका पैसा ओतल्यावर ही भीती वाटणं मला तरी साहजिक वाटतं.

इथल्या डोंगरावर त्याच्याही कितीतरी आधी, 766 मध्ये, शोदो शोनिन या भिक्षूनं मठ उभारला. पुढं अकराशे वर्षं वरच्या चुझेन्जी सरोवराकडे जायला बायकांना मनाई होती. घोडे आणि गुरंही खालीच थांबत. 1872 मध्ये सरकारनं बंदी उठवली. दुसऱ्याच वर्षी तोशोगूतल्या एका वादकानं, कानाया झेन्इचिरो यांनी, परदेशी पाहुण्यांसाठी स्वतःच्या घरातल्या खोल्या उघडल्या. साडेआठ हजार माणसांनी उभारलेल्या देवस्थानाच्या गावाला हवा खायचं ठिकाण बनवण्याची सुरुवात झाली ती अशी, एका घरातून. आजचं कानाया हॉटेल त्याच धंद्यातून वाढलं, पण उभं आहे वेगळ्या जागी.

1890 मध्ये रेल्वे आली. 1896 मध्ये ब्रिटिश मुत्सद्दी अर्नेस्ट सॅटो यांनी 1,269 मीटर उंचीवरच्या सरोवराकाठी बंगला बांधला. मग काय, टोकियोतले इतर वकिलातवालेही उन्हाळ्यात तिकडे धावू लागले. इटलीच्या वकिलातीचा बंगला 1928 चा.

घोड्यांनाही जिथं मज्जाव होता तिथं आता इरोहाझाका घाटातून मोटारी चढतात. वळणं 48, प्रत्येकावर एक जपानी मुळाक्षर. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा. तरीही शरदात पानं लाल झाली की गाड्यांची रांग हलता हलत नाही. त्या दिवसांत जायचं असेल तर पहाटेच निघा.